टवका उडालेला वस्तरा

गळक्या घागरीला डाग देता येतो, फाटक्या धोतराला ठिगळ लावता येते, तुटलेल्या खुर्चीला नवा पाय बसवता येतो. वस्तऱ्याचे तसे नाही. धारेतून एकदा उडालेला टवका भरून काढता येत नाही. दुरुस्ती करायची म्हणजे त्या टवक्याच्या तळापर्यंत बाकीची सगळी धार मागे न्यायची. एका जागी पाऊण मिलिमीटर पोलाद गेले म्हणून तीन इंच लांबीभर तेवढेच पोलाद आपल्या हाताने घालवायचे, असा हा उफराटा व्यवहार आहे. तो कधी करावा, कसा करावा आणि कधी करू नये, एवढेच येथे सांगायचे आहे.

वस्तरा म्हणजे मुठीत मिटणारा, दगडावर पाजवायचा जुना वस्तरा, हे आधी स्पष्ट केलेले बरे. हल्ली सलूनमध्ये जो दिसतो, ज्यात ब्लेडचा अर्धा तुकडा घालतात आणि गिऱ्हाईक उठले की फेकून देतात, तो दिसायला वस्तरा असला तरी खरे पाहता ब्लेड धरायची मूठ आहे. त्याला धार लावण्याचा प्रश्नच येत नाही. आमचा घरचा धंदा सलूनचा, त्यामुळे हा बदल कसा झाला ते मला घरातच ऐकायला मिळाले. १९९० नंतरच्या दशकात एड्स आणि ‘ब’ प्रकारची कावीळ यांची माहिती लोकांपर्यंत पोचली, एकच पाते दहा जणांच्या गालांवरून फिरवणे धोक्याचे आहे हे कळले, आणि जुने वस्तरे दुकानांतून हळूहळू उठले. झाले ते योग्यच झाले. आमच्या आज्जांनी (बेळगावात आजोबांना आम्ही आज्जाच म्हणतो) आपला वस्तरा धोकटीत गुंडाळून ठेवला तो त्याच सुमारास.

गेल्या वर्षी तो ट्रंकेतून बाहेर निघाला. पात्यावर तांबेरा चढलेला होता आणि टोकापासून इंचभर अंतरावर धारेत टवका उडालेला होता. पूर्वी दुकानाची जागा बदलताना तो फरशीवर पडला होता, असे आज्जा म्हणाले. त्यांचे वय आता शहाऐंशी आहे. त्यांची इच्छा एवढीच, की या वस्तऱ्याने आपली दाढी एकदा व्हावी. बाबांचे म्हणणे असे, की पात्यात आता जीव उरलेला नाही. उगाच घासून घासून संपवण्यापेक्षा काचेच्या चौकटीत बसवून दुकानात लावू. दोघांनीही आयुष्यभर हाच धंदा केलेला, तेव्हा मी कोणाची बाजू घ्यावी हा प्रश्नच होता. मी कॉमर्सचा विद्यार्थी. आधी मोजमाप करू, मग ठरवू, असे मी सुचवले आणि ते दोघांनाही पटले.

वस्तऱ्याची रचना समजली की मोजमाप सोपे आहे. सुरीला धार लावताना ती दगडावर किती तिरकी धरायची हे हाताने सांभाळावे लागते, आणि हात सतत चुकतो. वस्तऱ्यात ही अडचण कारागिराने आधीच सोडवून ठेवलेली असते. पाते दगडावर आडवे ठेवले की ते दोनच जागी टेकते, जाड पाठीवर आणि पातळ धारेवर. मधले पोट दोन्ही अंगांनी खोलगट घासलेले असल्यामुळे ते दगडाला शिवतही नाही. म्हणजे धारेचा कोन किती हे धार लावणारा ठरवत नाही. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांचे प्रमाण ठरवते. दगडावर धार झिजते तशी पाठही थोडी झिजते, त्यामुळे वर्षानुवर्षे पाजवूनही कोन फारसा बदलत नाही. इतके साधे आणि इतके शहाणे अवजार मी दुसरे पाहिलेले नाही.

उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये काम करणाऱ्या मित्राकडून व्हर्नियर कॅलिपर आणला. पाठीची जाडी भरली ४.४ मिलिमीटर, पात्याची रुंदी १५.६ मिलिमीटर. वस्तऱ्याची रुंदी इंचाच्या अष्टमांशात सांगायची रीत आहे. त्या हिशेबाने हा पाच अष्टमांशाचा वस्तरा, थोडा झिजलेला. आता शाळेतली त्रिकोणमिती. पाठीची निम्मी जाडी २.२, तिला १५.६ ने भागायचे, आलेल्या साइनचा कोन काढायचा आणि दुप्पट करायचा. उत्तर येते १६ अंशांच्या किंचित वर. चांगल्या वस्तऱ्याचा कोन बहुधा १५ ते १९ अंशांच्या दरम्यान असतो. त्याहून कमी असला तर धार नाजूक होऊन तिला दाते पडतात. जास्त असला तर ती केस कापण्याऐवजी ओढू लागते.

टवक्याची खोली कॅलिपरने मोजता येईना, कारण त्याचे जबडे त्या खाचेत शिरत नव्हते. मग धारेशेजारी स्टीलची पट्टी ठेवून मोबाइलने जवळून फोटो काढला आणि तो मोठा करून मोजले. खोली ०.७ मिलिमीटर, लांबी २. धार तेवढी मागे नेली आणि पुढच्या घासणीसाठी आणखी दशांश मिलिमीटर धरला, तर रुंदी उरते १४.८ आणि कोन होतो सुमारे १७.१ अंश. म्हणजे जेमतेम एका अंशाची वाढ. हाच टवका ३ मिलिमीटर खोल असता तर कोन २० अंशांच्या पुढे गेला असता, आणि मग काचेची चौकट हेच खरे उत्तर ठरले असते. पहिल्या फेरीत आज्जा जिंकले.

परंतु मापापेक्षा मोठी भीती भेगेची. वस्तऱ्याचे पोलाद फार कडक असते. त्यात साधारण एक टक्का, कधी किंचित अधिक कार्बन असतो, आणि कडकपणा रॉकवेलच्या ‘सी’ मोजपट्टीवर ६० च्या आसपास भरतो. असे पोलाद वाकत नाही, तडकते. टवका उडाला त्याच धक्क्याने वर पाठीच्या दिशेने डोळ्याला न दिसणारी चीर गेली असेल, तर घासून काही उपयोग नाही; उलट दाढी करताना तुकडा निघायचा. ही तपासणी करण्याची जुनी पद्धत अगदी साधी आहे. पात्याला पातळ तेल लावायचे, थोडा वेळ थांबून कोरडे पुसायचे आणि वर खडूची पूड भुरभुरायची. चीर असेल तर तीत शिरलेले तेल पाझरून पुडीवर काळी रेघ उमटते. पूर्वी रेल्वेचे लोखंडी भाग याच रीतीने तपासत. आता ओतकामाच्या कारखान्यांत तेलाऐवजी लाल रंगाचे द्रव आणि पांढरी फवारणी वापरतात, तत्त्व तेच. आमच्या पात्यावर रेघ उमटली नाही. मग मी मूठ उघडून पात्यावर नखाने टिचकी मारली. आवाज स्वच्छ, लांबणारा आला. भेगाळलेले पाते बद्द वाजते.

येथे थोडे आडवळण घेतो, कारण पुढे गंज काढताना काय राखायचे ते यावरच अवलंबून आहे. पाते जिथे मुठीत शिरते त्या शेपटीवर कारखान्याची खूण ठोकलेली असते. आमच्या वस्तऱ्यावर कारखान्याचे नाव झिजून गेले आहे, पण ‘सोलिंगेन’ आणि ‘जर्मनी’ हे दोन शब्द वाचता येतात. वस्तऱ्यांच्या जगात दोन गावे मोठी: इंग्लंडमधले शेफिल्ड आणि जर्मनीतले सोलिंगेन. एकोणिसाव्या शतकात सोलिंगेनच्या काही मालावर शेफिल्डची नावे ठोकून तो विकला जाई, अशी शेफिल्डवाल्यांची तक्रार होती. त्यातून ब्रिटिश पार्लमेंटने १८८७ साली मालखुणांचा कायदा केला. परदेशी मालावर इंग्लंडच्या मालाचा भास होईल असे काही असेल, तर खरा देश लिहिणे भाग पडले. हिंदुस्थानातही तसाच कायदा १८८९ साली आला. हेतू असा, की जर्मन शिक्का पाहून गिऱ्हाईक माल टाळेल. झाले उलटे! माल चांगला होता, म्हणून ‘मेड इन जर्मनी’ हीच पुढे जाहिरात ठरली. व्यापारचिन्हांवर वर्गात तासभर जे शिकवतात, ते या दोन शब्दांत आहे. सोलिंगेनच्या नावाला खुद्द जर्मनीत १९३८ साली कायद्याचे संरक्षण मिळाले. त्या परिसरात न बनलेल्या पात्यावर ते नाव घालता येत नाही.

आणि पोलादाचे मूळ शोधू गेले तर वाट पुन्हा आपल्याच भागात येते. दक्षिण हिंदुस्थानात मुशीत वितळवून होणारे उत्तम पोलाद युरोपात ‘वूट्झ’ या नावाने ओळखले जाई. हा शब्द कन्नडमधल्या ‘उक्कु’ म्हणजे पोलाद या शब्दाचा अपभ्रंश असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. जेम्स स्टोडार्ट हा लंडनचा हत्यारे बनवणारा कारागीर या पोलादावर लुब्ध होता. वूट्झच्या तोडीचे पोलाद करता यावे म्हणून त्याने तरुण मायकेल फॅरेडेला हाताशी धरून प्रयोग केले. त्यांचे निबंध १८२० आणि १८२२ साली प्रसिद्ध झाले आणि त्या प्रयोगांतल्या पोलादाचे वस्तरेही करण्यात आले. विजेमुळे आपण ज्याला ओळखतो तो फॅरेडे आधी वस्तऱ्यांच्या पोलादात रमला होता! आपण मराठीत पोलाद म्हणतो ते फारसीतून आले. कन्नड मित्र म्हणतो ते ‘उक्कु’ साता समुद्रापार गेले. आपल्या अंकाच्या दोन्ही विभागांत वाटून घेण्यासारखी ही गोष्ट आहे.

तर गंज काढताना ती शेपटीवरची खूण पुसू द्यायची नाही, हा पहिला नियम. पॉलिशच्या चाकावर पाते धरले की पाच मिनिटांत आरशासारखे चकाकते आणि वस्तऱ्याचा जन्मदाखला नाहीसा होतो. तेल लावून रात्रभर ठेवावे, मग पाण्यात चालणारा बारीक काचपेपर, आधी ६०० नंबरचा, नंतर १००० आणि २००० चा, बुचाच्या तुकड्याला गुंडाळून हलक्या हाताने फिरवावा. हात नेहमी पाठीकडून धारेच्या दिशेने न्यावा, धारेवर उलटा जाऊ नये. लाल तांबेरा निघतो. काळे ठिपके खोल गेलेले असतात, ते सगळे काढण्याचा हट्ट धरला तर पाते चाळणीसारखे पातळ होईल. पोटावरचे ठिपके राहिले तरी बिघडत नाही. ठिपका नेमका नव्या धारेच्या रेषेत येत असेल तर मात्र तिथे धार कधीच टिकणार नाही. आमच्या वस्तऱ्यावर तसा एक होता, पण टाचेकडच्या टोकाला, जिथे दाढीचे काम पडत नाही.

मुठीकडेही पाहावे. आमची मूठ काळ्या शिंगाची आहे. तिला तेल मानवते, पाण्यात भिजवणे मानवत नाही. सेल्युलॉइडची मूठ असेल तर तिचा वास घ्यावा. जुने सेल्युलॉइड कुजू लागले की त्यातून आम्लाच्या वाफा निघतात आणि मुठीत मिटलेले पाते आतल्या आत खाल्ले जाते. अशी मूठ काढून टाकावी, आणि ती चटकन पेट घेते हे ध्यानात ठेवून विस्तवापासून दूर ठेवावी. हस्तिदंती मुठीचा वस्तरा कोणाच्या घरी असेल तर त्याने तो विकण्याच्या भानगडीत पडू नये. हस्तिदंताच्या व्यापाराला आपल्या देशात कायद्याने बंदी आहे.

आता टवका. कोणालाही पहिल्यांदा असे सुचते, की जिथे टवका आहे तेवढेच घासून तो भाग गुळगुळीत करावा. बाकीच्या चांगल्या धारेला हात कशाला लावा? तसे केले की धार मधे आत जाते. आत गेलेल्या धारेचा मधला भाग सपाट दगडाला पुन्हा कधी टेकत नाही, दोन्ही टोके तेवढी झिजत राहतात. टोकापासून टाचेपर्यंत धार एका रेषेत हवी. मधे किंचित फुगीर असली तर चालते, पण आत गेलेली चालत नाही. म्हणूनच सगळी धार मागे न्यायची.

त्यासाठी १००० नंबरचा दगड पाण्यात भिजवून घेतला. दगड आधी सपाट करून घ्यावा लागतो. त्यावर पेन्सिलीने चौकटी आखायच्या, जाड काचेवर काचपेपर पसरून त्यावर दगड घासायचा, सगळ्या रेघा एकदम पुसल्या गेल्या म्हणजे दगड सपाट झाला. मग वस्तरा दगडावर काटकोनात, धार खाली करून उभा धरायचा आणि हलक्या हाताने लांबीच्या दिशेने मागेपुढे ओढायचा. जिवावर येते खरे. जी धार जपायची तीच आपण दगडावर बोथट करत असतो. घरात त्या वेळी बाबा उठून बाहेर गेले. आज्जा मात्र खुर्ची ओढून जवळ बसले आणि दर थोड्या वेळाने म्हणत राहिले, “बेतानं रे. लई खाऊ दिऊ नको दगडाला.”

यात कळीचा मुद्दा असा, की टवका पुरता नाहीसा होईपर्यंत घासायचे नाही. त्याचा शेवटचा दशांशभर तळ शिल्लक असतानाच थांबायचे. पुढे दोन्ही बाजूंनी धारेचा उतार नव्याने काढताना आणखी पोलाद जाणारच असते, त्यात तो तळ आपोआप निघतो. आधीच पूर्ण काढला तर तेवढे पोलाद फुकट गेले. आमचे काम वीस-पंचवीस मिनिटांत येथवर आले.

काहीजण विचारतील, विजेच्या सहाणेच्या चाकावर हे अर्ध्या मिनिटात होणार नाही का? होईल, आणि वस्तराही अर्ध्या मिनिटात संपेल. पोलादाला दिलेले पाणी आपण म्हणतो, ते पाणी उष्णतेने उतरते. पात्याचा काठ कागदाइतका पातळ, तो ठिणग्यांसरशी तापतो. पोलादावर गवती पिवळा रंग आला म्हणजे उष्णता सव्वादोनशे अंशांच्या आसपास गेली, निळा आला म्हणजे तीनशेच्या जवळ. तो रंग दिसला त्या ठिकाणी पोलाद मऊ पडले. तिथली धार एका दाढीपुरतीही टिकत नाही. म्हणून हे काम हाताचे, पाण्यातले आणि सावकाशीचे.

नंतर खरी पाजवणी. वस्तरा आडवा ठेवायचा, पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या, आणि धार पुढे करून ढकलायचा. टोकाशी आल्यावर पाठीवरून उलटायचा आणि परत आणायचा. दोन्ही बाजूंना फेरे सारखे. दगड धारेला नीट लागतो आहे की नाही हे पाहायला धारेच्या काठावर मार्कर पेनची शाई फिरवावी. दोनचार फेऱ्यांत जिथली शाई गेली तिथे दगड लागतो आहे. जिथे राहिली तिथे नाही. या पायरीला मला दोन संध्याकाळ लागल्या. संपले केव्हा ते कसे ओळखायचे? दिव्याखाली वस्तरा धार वर करून धरावा. बोथट धार चंदेरी रेघेसारखी चमकते, कारण तिला अजून जाडी आहे आणि जाडीवरून प्रकाश परततो. धार पुरी झाली की काहीही चमकत नाही. नसलेली रेघ शोधायची, असे हे काम आहे.

या टप्प्यावर एक वाद आहे. जुन्या वस्तूंचे शौकीन पाठीवर विजेच्या कामाची चिकटपट्टी लावून मगच दगडावर जातात, म्हणजे पाठ झिजत नाही आणि वस्तरा देखणा राहतो. पण पट्टीने पाठ जाड होते आणि कोन वाढतो. नेहमीची पट्टी साधारण ०.१५ मिलिमीटर जाड. आमच्या हिशेबात १७.१ चा कोन १८.३ वर गेला असता. टवक्याने कोन आधीच वाढवलेला, त्यात आणखी भर कशाला? मी पट्टी लावली नाही. पाठ दशांशभर झिजली आणि कोन १६.७ वर आला. पाठीच्या दोन्ही कडांवर आता झिजलेली चकचकीत पट्टी दिसते. काचेच्या चौकटीसाठी हा दोष आहे, दाढीसाठी गुण आहे.

मराठी शाळेतून कॉमर्सला आल्यावर ‘डेप्रिसिएशन’ हा शब्द प्रथम अंगावर आला होता. मराठी पुस्तकात त्याला ‘घसारा’ म्हणतात असे कळल्यावर धडा निम्मा समजला. कन्नडमध्ये त्यालाच ‘सवकळी’ म्हणतात, म्हणजे पुन्हा झीजच. वस्तऱ्याची रोजची पाजवणी हा घसारा, थोडा थोडा, दरसाल. टवका म्हणजे अपघाती नुकसान. ते वर्षांवर वाटता येत नाही, एकदम सोसावे लागते. आणि कोणत्याही खातेवहीत न बसणारी बाब अशी, की ज्या मालमत्तेची पुस्तकी किंमत केव्हाच शून्य झाली होती, तिच्यासाठी दोन पिढ्या आमच्या ओसरीवर भांडत होत्या.

पुढच्या पायऱ्या लवकर उरकतात. १००० नंतर ४००० नंबरचा दगड, मग ८०००. हजाराच्या दगडातले कण सुमारे पंधरा मायक्रॉनचे, आठ हजाराच्या दगडातले एक-दोन मायक्रॉनचे. दाढीचा केस साधारण शंभर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून कल्पना यावी. दर पायरीवर आधीच्या दगडाचे ओरखडे पुरते गेले की नाही ते घड्याळजीच्या भिंगाने पाहावे. दाब कमी कमी करत यावा. शेवटी वस्तऱ्याचे स्वतःचे वजन पुरते.

धार इतकी जपूनही ती खराब का होते, याचे उत्तर अलीकडे मिळाले आहे. केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पटींनी मऊ. मग त्याने धार कशी जाते? अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली केस कापून पाहिले आणि २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. धार नुसती गोल होऊन झिजत नाही. केस एका विशिष्ट कोनात वाकलेला असताना, पोलादाची घडण जिथे एकसारखी नसते तिथे, धारेचे सूक्ष्म टवके उडतात. प्रयोग आजच्या ब्लेडांवर होता, वस्तऱ्यांवर नव्हे, पण भिंगाखाली जुन्या वस्तऱ्याची धार पाहिली की असलेच बारीक दाते दिसतात. फरशीवर पडून एकदा उडतो तो मोठा टवका, आणि प्रत्येक दाढीत उडतात ते लहान.

शेवटी चामड्याचा पट्टा. दगडावर धार पुढे असते. पट्ट्यावर पाठ पुढे, धार मागे. उलट गेले की पट्टा कापला जातो. पट्टा ताणून धरायचा, ढिला पडला तर धारेवर गोलाई येते. उलटताना पाठीवरूनच उलटायचे. चाळीस-पन्नास फेरे. हे मला पुस्तकाने नव्हे, आज्जांनी शिकवले. त्यांचा हात कापतो, पण पट्टा हातात आला की मनगट बरोबर वळते.

दाढी बाबांनी केली. असा वस्तरा त्यांनी पंचवीस वर्षांत हातात धरला नव्हता. बिनपाण्याने करणे हा वाक्प्रचार आपल्याकडे का पडला ते यात कळते: कोरडा केस चिवट असतो, कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटे भिजला की मऊ होतो आणि धारेवरचा ताण पुष्कळ कमी होतो. बाबांनी टॉवेल भिजवून ठेवला, फेस केला, कातडी ताणून धरली, पाते गालाशी तिरके, तीसेक अंशांत. आज्जा डोळे मिटून होते. एक गाल झाल्यावर म्हणाले, “गालावर झ्याक चालतंय. हनवटीवर वडतंय अजून.” बाबांनी वस्तरा मला परत दिला. मी आणखी बारीक, १२००० नंबरच्या दगडावर पंधरा फेरे आणि पट्ट्यावर पुन्हा पन्नास केले. दुसऱ्या खेपेला आज्जा काही बोलले नाहीत; हनुवटीवरून हात फिरवला आणि आरसा मागितला.

तेव्हापासून दर रविवारी त्यांची दाढी याच वस्तऱ्याने होते, आणि ती फक्त त्यांचीच. एका वस्तऱ्याला एक माणूस, हा नियम घरातही पाळायचा. काम झाले की पाते पुसून कोरडे करायचे, मिटण्याआधी तासभर उघडेच ठेवायचे आणि शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब पात्यावर पसरायचा. खोबरेल तेल थंडीत थिजते, म्हणून ते नको. चामड्याच्या पाकिटात ठेवू नये, चामडे ओल धरते. बेळगावच्या पावसाळ्यात जून ते सप्टेंबर आम्ही तो तेलकट कागदात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवतो, आणि डबा आईने बदलला की तिला विचारून शोधतो.